ट्रान्सफॉर्मर वाचवा आणि चॅसीला हात लावा

‘महागड्या मेन्स ट्रान्सफॉर्मरची गरज नाही, २३० व्होल्ट थेट ब्रिज रेक्टिफायरला द्या, ३२५ व्होल्ट डीसी मिळते आणि ईएल८४ व्हॉल्व्ह त्यावर झकास चालतो’, असा घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बनवण्याचा, आकृतीसह एक संदेश सध्या फिरतो आहे. (व्हॉल्व्ह म्हणजे ध्वनीचा संकेत वाढवणारी काचेची नळी, आणि ब्रिज रेक्टिफायर म्हणजे एसीचे डीसी करणारे चार डायोड.) माझ्या भाच्याने तो पाठवून ‘मामा, ब्रिज किती अँपिअरचा घेऊ?’ असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक विधान असे: ‘चॅसी न्यूट्रलला जाते आणि न्यूट्रल म्हणजे अर्थिंगच, फक्त प्लग सरळ लावा.’ (चॅसी म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवतात तो धातूचा सांगाडा.) मुळात त्या आकृतीत चॅसी न्यूट्रलला जोडलेलीच नाही. ती ब्रिजच्या ऋण टोकाला जोडली आहे. फेज ऋण अर्धचक्रात असते तेव्हा ब्रिजमधला एक डायोड हे टोक थेट फेजला जोडतो, म्हणजेच चॅसी जमिनीच्या तुलनेत सेकंदाला ५० वेळा उणे ३२५ व्होल्टच्या आसपास जाऊ शकते, आणि प्लग उलटा लावा की सुलटा, त्याने काडीचाही फरक पडत नाही. इनपुटच्या आरसीए सॉकेटची (ऑडिओ वायर खोचायच्या गोल खाचेची) बाहेरची धातूची कडी याच चॅसीवर बसते. मोबाइलची वायर खोचताना बोटे नेमकी तिथेच असतात. त्यावर कडी म्हणजे, ‘अर्थ जोडल्यास एमसीबी (प्रवाह फार वाढताच वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणून जोडू नये’ असा सल्लाही दिला आहे. एमसीबी का पडतो, हा प्रश्न लेखकमहाशयांना पडलेला दिसत नाही; तो पडतो, कारण डायोडमधून फेज थेट अर्थला भिडते.

‘जुने रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवायच चालत’ हे काही संचांबाबत मात्र खरे आहे, एवढे मान्य करावे लागेल. पण त्या एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) संचांची चॅसी लाकडी किंवा बेकेलाइटच्या पेटीत पूर्ण बंद असे, एरियल कपॅसिटरमधून येई आणि बाहेरून हात लागेल असा धातू उघडा ठेवलेला नसे.

आता बायस, म्हणजे व्हॉल्व्हच्या कॅथोड आणि प्लेट यांच्यामधला प्रवाह आवरण्यासाठी ग्रिडवर ठेवलेले ऋण व्होल्टेज. संदेश म्हणतो: ‘कॅथोड रेझिस्टर काढा, १ मेगओममधून ग्रिडला स्थिर ऋण व्होल्टेज द्या, पुन्हा पाहावे लागत नाही.’ ईएल८४ची मूळ डेटाशीट उघडली असती, तर स्थिर बायससाठी ग्रिड रेझिस्टरची कमाल मर्यादा ०.३ मेगओम आहे, हे दिसले असते. १ मेगओम चालतो तो कॅथोड बायसमध्ये, म्हणजे कॅथोड रेझिस्टर ठेवल्यावर. कारण साधे आहे: ग्रिडमधून १ मायक्रोअँपिअर जरी गळला, तरी १ मेगओमवर बायस १ व्होल्टने ढासळतो, आणि या व्हॉल्व्हमध्ये १ व्होल्ट म्हणजे सुमारे ११ मिलिअँपिअर जादा प्रवाह. ३२५ व्होल्टवर ही साडेतीन वॉटची वाढ झाली, तीही प्लेटची मर्यादा १२ वॉट असताना. तापलेला व्हॉल्व्ह आणखी गळतो आणि प्लेट लाल होते. कॅथोड रेझिस्टर असता, तर प्रवाह वाढताच कॅथोडचे व्होल्टेज चढून ग्रिड आपोआप अधिक ऋण झाला असता.

त्याच डेटाशीटमध्ये प्लेट व्होल्टेजची मर्यादा ३०० आहे, त्यामुळे ३२५ची बढाई तिथेच संपते. मेन्स २५३ व्होल्टपर्यंत चढले, तर डीसी सुमारे ३५८ होते. संदेशातला ३५० व्होल्टचा कपॅसिटर तेव्हा काय करील, हे वेगळे सांगायला नको.

‘प्लग काढला की धोका संपला’ हेही चूक, कारण कपॅसिटर भारित राहतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओम, २ वॉटचा ब्लीडर (साठलेला भार हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) लावावा, दोन मिनिटे थांबावे आणि तरीही मीटरने तपासूनच हात घालावा.

खर्चाचीच अडचण असेल, तर बाजारात सहज मिळणारे १२ व्होल्ट, ५ अँपिअरचे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून, म्हणजे १२ व्होल्टची बाजू १२ व्होल्टच्या बाजूला, जोडावेत. दुसऱ्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला थोडे कमीच व्होल्टेज मिळते, आणि ईएल८४ला ते सोयीचेच आहे. मग मेन्सशी थेट जोड उरत नाही, आणि चॅसीला अर्थ बिनदिक्कत जोडता येते.