मध्यवस्तीतला मॉल: आधी रस्ता, मग इमारत

शहराच्या मध्यवस्तीतला मॉल ओस पडू लागला की मागण्या दोनच येतात. सगळं पाडून टाका, नाहीतर दर्शनी भाग नवा करून नवे ब्रँड आणा. मला दोन्ही पटत नाहीत. असा मॉल उभा राहिला तेव्हा त्याने दोन-चार रस्ते पोटात घेतले होते. ते रस्ते परत मिळतात का, हा पहिला प्रश्न हवा. दुकानं कोणती, मजले किती, हे त्यानंतर.

रस्ते गेले कसे ते पाहा. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ साउथडेल हे खरेदी केंद्र सुरू झालं. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित, आणि एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एकाच छताखाली. त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. आजूबाजूला घरं, शाळा, बागा असलेलं केंद्र त्यांच्या मनात होतं. नंतर ज्यांनी त्यांची नक्कल केली त्यांनी उचलला तो फक्त बाजार आणि भोवतीचं पार्किंग. त्यात १९५४ च्या अमेरिकी करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांत जास्त घसारा (इमारत जुनी होण्यापोटी करातून मिळणारी वजावट) दाखवायची मुभा दिली होती. त्यामुळे जुनी इमारत सांभाळण्यापेक्षा शहराबाहेर नवी बांधणं फायद्याचं ठरू लागलं. गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि शहरांनी तोच नमुना उचलून मध्यवस्तीत आणला.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये १९६२ साली ग्रुएन यांनीच मिडटाउन प्लाझा उभारला. तळघरात पार्किंग, वर टॉवर, मधल्या चौकात राष्ट्रांचं घड्याळ. १९६४ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये बुल रिंग, १९७७ मध्ये फिलाडेल्फियात गॅलरी, १९८९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसमध्ये सिटी सेंटर. हे सगळे मध्यवस्तीतले मॉल, आणि बहुतेक ठिकाणी कृती तीच. शेजारशेजारचे भूखंड जोडायचे, मधले रस्ते बंद करायचे किंवा झाकायचे, दुकानांची तोंडं आत वळवायची. बाहेर उरतात कोऱ्या भिंती आणि मालाच्या गाड्यांची दारं. अशा भिंतीशेजारून कोणी रमतगमत चालत नाही, म्हणून समोरच्या फुटपाथवरच्या दुकानांचाही धंदा बसतो. मॉल स्वतःच्याच परिसराची वर्दळ संपवतो, आणि मोठं दुकान बंद पडलं की आत यायला कोणी उरत नाही.

आता पुनर्विकास. सुरुवात कागदांपासून करायची. बाहेरून एक दिसणाऱ्या इमारतीत कितीतरी वेळा तीन-चार मालक असतात. गिऱ्हाईक खेचणाऱ्या मोठ्या दुकानाची, म्हणजे अँकरची, इमारत आणि जमीन त्याची स्वतःची, मधला भाग मॉल कंपनीचा, पार्किंग शहराचं. या सगळ्यांना बांधणारा आपसातला करार असतो: जाण्यायेण्याचा हक्क, पार्किंगच्या जागांची किमान संख्या, कोणत्या पट्ट्यात काहीही बांधायचं नाही, कोणाची पाटी झाकायची नाही. दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या दुकानाचा मालकसुद्धा या कराराच्या जोरावर नव्या रस्त्याला नकार देऊ शकतो. म्हणून प्रत्येक करार मुदतीसह एका नकाशावर उतरवून घ्यावा. गाळ्यांच्या भाडेकरारांत दोन कलमं शोधायची. एक, अँकर गेला की बाकीच्यांचं भाडं आपोआप उतरवणारं. दुसरं, पाडकामासाठी गाळा रिकामा करून घेता येईल असं. दुसरं नसेल तर एकटा गाळेधारक सगळं काम थांबवू शकतो, आणि त्यात त्याचा दोष काहीच नसतो.

त्यानंतर इमारतीची खोली. खिडकीचा वरचा काठ जितका उंच, साधारण त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा उजेड आत पोचतो. मॉलचा मजला पाच-साडेपाच मीटर उंच असतो, म्हणजे बीम-स्लॅबची उंची वगळता साधारण दहा मीटर आत उजेड. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधे मार्गिका धरली तर १८ ते २० मीटर रुंदीची इमारत घरांना चालते. अँकर दुकानाचा मजला मात्र ६० ते ८० मीटर खोल असतो. तिथे घरं काढायची तर मधोमध चौक कापावाच लागतो, आणि तो १२ मीटरपेक्षा अरुंद ठेवला तर तळमजला अंधारातच राहतो. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं १८२८ चं आर्केड, म्हणजे छताखालचा जुना बाजार, वरच्या मजल्यांवर छोटी घरं करून २०१३ मध्ये पुन्हा उघडता आलं, कारण ती इमारत मुळातच चिंचोळी आणि वर काचेचं छप्पर असलेली. तेच उदाहरण दाखवून कुठल्याही मॉलमध्ये घरं काढू म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन मजला मोजावा.

रस्ता कुठून काढायचा हे सांगाडाच सांगतो. मोठ्या मॉलमध्ये ठराविक अंतरावर एक्स्पान्शन जॉइंट (इमारतीला प्रसरणासाठी सोडलेल्या फटी) असतात आणि बहुतेकदा तिथे कॉलमची जोडी असते. त्या रेषेवर कापलं तर उरलेल्या भागाचा आधार जात नाही. दोन कॉलमच्या मधेच स्लॅब कापला तर उरलेलं टोक लोंबतं आणि नवे बीम घालावे लागतात. दुसरी अडचण सहसा उशिरा लक्षात येते. वारा आणि भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या भिंती जिने-लिफ्टजवळ एकवटलेल्या असतात. त्या कापलेल्या भागात गेल्या तर उरलेली इमारत उभी दिसते, पण आडव्या जोराला तिच्यात ताकद नसते. आडवा जोर घेणारे नवे आधार (ब्रेसिंग) आधी, कापणं नंतर. हा क्रम बदलू नये.

भाराचं गणित मात्र बाजूने असतं. अमेरिकी मानकांत दुकानाच्या तळमजल्याला चौरस मीटरला सुमारे ४८० किलो आणि वरच्या मजल्यांना ३६० किलो भार धरतात, घराला १९० किलोच्या आसपास. त्यामुळे एखादा हलका मजला वर चढवता येऊ शकतो, पाया आणि कॉलम तपासूनच. ड्रेनेज जास्त छळतं. मॉलमध्ये संडास एका कोपऱ्यात, घरांना ते प्रत्येक गाळ्यात हवे. १०० मिलिमीटरच्या नळाला शंभरास एक उतार द्यायचा तर दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर उंची जाते. ती उंच मजल्यात सहज मिळते. पण स्लॅब पोस्ट-टेन्शन, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला, असेल तर छिद्र पाडण्याआधी रडारने केबल शोधाव्याच लागतात. ग्राउट (भोवती भरलेला सिमेंटचा घोळ) नसलेली एक केबल तुटली की तिचा ताण पूर्ण लांबीभर जातो.

तळघराबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच मोठा होतो. "वरचं पाडा, खाली पार्किंग ठेवा, वर बाग करा" हे ऐकायला सोपं आहे. जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली प्रत्येक मीटरला तळाच्या स्लॅबवर चौरस मीटरमागे एक टन वर ढकलणारा जोर असतो. पाणी दोन मीटरवर आणि तळ सहा मीटरवर असेल तर चार टन. हा जोर आजवर वरच्या मजल्यांच्या वजनाने दाबून धरलेला असतो. ते मजले काढले की तळघर नावेसारखं वर उचलू पाहतं, तळाला तडे जातात आणि पाणी आत येतं. म्हणून पाडकाम सुरू होण्याआधी तळाला खाली धरून ठेवणारे ताण-अँकर जमिनीत घ्यायचे आणि ते होईपर्यंत पाणी उपसणारे पंप थांबवायचे नाहीत. वर माती टाकून वजन भरून काढू म्हणावं, तर एक मीटर ओली माती चौरस मीटरला दोन टनांच्या घरात जाते, आणि दुकानाचा स्लॅब त्याच्या पाव भारासाठी केलेला असतो. त्यामुळे झाडं कॉलमच्या डोक्यावर, बाकी ठिकाणी हलका भराव, आणि सगळ्याखाली नवं वॉटरप्रूफिंग. कोलंबसचा मॉल २००९ मध्ये बंद झाला, पाडला गेला, खालचं पार्किंग राखून २०११ मध्ये वर बाग उघडली. तसं करता येतं, पण ती बाग जमिनीवरच्या बागेच्या खर्चात होत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी पाडकामाची निविदा काढण्याआधी व्हावी. १९८० च्या आधीच्या इमारतीत हे श्वासातून घातक ठरणारं खनिज पोलादावरच्या अग्निरोधक थरात, फरशीत, पाइपांच्या आवरणात सापडतं. नंतर सापडलं तर काम बंद पडतं आणि कंत्राटदार वाढीव दर मागतो.

चालू गाळ्यांचे आग लागल्यास सुटकेचे दरवाजे मॉलच्या मार्गिकेत उघडतात, हेही विसरलं जातं. ती मार्गिका पाडली की गाळा त्याच दिवशी बेकायदा ठरतो. वीज, एसीचं थंड पाणी, अग्निशमनाचा पंप हे सगळ्यांचं एकच असतं. नव्या लाइनी टाकून, तपासून, मगच कापायला घ्यावं.

इतकं सगळं रस्त्यासाठी करायचं का? करायचं. रोचेस्टरमध्ये २००८ ला मिडटाउन बंद झाल्यावर रस्ते पुन्हा आखले, तळघरातलं पार्किंग राखलं, आणि टॉवर सांगाड्यापर्यंत सोलून २०१६ मध्ये त्यात घरं आणि ऑफिसं आणली. बर्मिंगहॅमने २००३ च्या नव्या बुल रिंगमधून सेंट मार्टिन चर्चकडे उतरणारी उघडी पायवाट काढली, आणि लोक खरेदी न करताही तिथून जातात.

नवा रस्ता दोन्ही टोकांना जुन्या फुटपाथच्या पातळीला मिळाला पाहिजे, पायऱ्या नकोत. तळमजल्यावर दर आठ-दहा मीटरला एक दार हवं. आणि तो शहराच्या नोंदीत सार्वजनिक रस्ता म्हणून चढवून घ्यावा, बांधकाम परवानगी देण्याआधी. खासगी जागेतला मार्ग म्हणून ठेवला तर मालक रात्री दहाला तिथे फाटक लावू शकतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही.