स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते तेव्हा

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. थिसिसचा विषय महिन्याभरात द्यायचाय आणि सांगलीहून बाबांचा फोन आला की शेवटी एकच प्रश्न असतो, "पुढं काय ठरवलंस?" ठरत नाहीये, बाबा.

पहिल्या वर्षी आम्हाला पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत नेलं होतं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम. काळ्या दगडाच्या भिंती आणि मधल्या चौकात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारं कुंड. बाहेर ऊन चढलेलं, पण सावलीतल्या भिंतीला हात लावला तर दगड गारच होता. मी किती तरी वेळ तिथंच बसून राहिले. हेच करायचं, हे त्या दिवशी पक्कं झालं.

मग मुंबईची कांचनजुंगा ही त्यांचीच निवासी इमारत अभ्यासली, 1983 ची. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुने बंगले त्यावर उपाय म्हणून भोवती व्हरांडा ठेवायचे. कोरियांनी 28 मजल्यांच्या इमारतीत तोच व्हरांडा वर नेला आणि कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंच गच्च्या दिल्या. अर्थात आत फक्त 32 फ्लॅट, तेही श्रीमंतांचे.

म्हणून मला त्यांचं बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज जास्त जवळचं वाटतं. साधारण त्याच काळातलं, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी केलेलं. छोट्या अंगणाभोवती सातेक घरं, आणि कुणाची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. हातात पैसे आले की आपली खोली आपण वाढवायची, कुणाला विचारायला नको. डिसेंबरमध्ये जाऊन आले. कित्येक कौलारू घरं पाडून तिथं दोन-तीन मजली काँक्रीटची घरं उभी आहेत. बरोबरच्यांना वाईट वाटलं, मला नाही वाटलं. घरं वाढावीत म्हणूनच तर ती तशी आखली होती. एका अंगणात स्कूटर लावलेल्या होत्या आणि त्यांच्या मधून पोरं क्रिकेट खेळत होती.

आपल्या काळातलं म्हणाल तर कोपरगावच्या शाळेतलं आर्किटेक्ट समीप पडोरांचं वाचनालय, 2018 चं. पातळ विटांचं कमानदार छत जमिनीपासूनच सुरू होतं आणि मुलं त्यावरून चालत जातात. पुस्तकं खाली, मुलं वर. इतकी मोकळी कल्पना, तीही तालुक्याच्या गावी. मला त्याचं फार अप्रूप आहे.

आणि इंटर्नशिपला माझ्या वाट्याला आली टू बीएचकेची सँक्शन ड्रॉइंग्ज, म्हणजे बांधकामाच्या मंजुरीसाठीचे नकाशे. सहा महिने एफएसआयचे, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचे तक्ते, पार्किंगची मोजणी. एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडत होती. म्हणजे जी बाई तिथं रोज चार तास उभी राहणार, तिच्यासमोर ड्रेनेजचे पाइप. मी रात्री बसून प्लॅन फिरवला, खिडकी बाहेरच्या भिंतीला आणली. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, अकरा चौरस फूट कमी झाला. सरांनी शीट नीट पाहिली आणि म्हणाले, "बरोबर केलंयस. पण हे अकरा फूट बिल्डरला कुठून देऊ?" सर वाईट नाहीत, त्यांच्याकडे खरंच उत्तर नव्हतं. खिडकी परत डक्टमध्ये गेली.

माझी शंका इथं आहे. पाच वर्षं आम्हाला उन्हाची दिशा शिकवली, परीक्षकांच्या ज्यूरीसमोर उभं केलं, पण ते अकरा फूट कसे मागायचे हे कुणीच शिकवलं नाही. बिल्डरला कसं पटवायचं, स्लॅबचे साचे लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्याशी काय बोलायचं, आपली फी कशी सांगायची, हे अभ्यासक्रमात यायला हवं असं माझं ठाम मत आहे. वर्गातले दोघं यूएक्सकडे, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटच्या डिझाइनकडे वळले, एक स्पर्धा परीक्षेला बसलाय. त्यांना मी दोष देत नाही. एज्युकेशन लोनचा हप्ता मलाही भरायचाय.

तरी एकदा प्रयत्न केल्याशिवाय सोडवत नाही. ज्या ऑफिसात नव्या मुलांना साईटवर पाठवतात, बिल्डरच्या मीटिंगला सोबत बसवतात, असं लहान ऑफिस पुणे, कोल्हापूर, नाशिक कुठंही माहीत असेल तर कळवा. आणि कुणी ही खिडकी बाहेरच्या भिंतीला आणून दाखवली असेल, तर कशी आणलीत तेवढं जरूर लिहा.