पायी चालू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

पदपथ चालण्यासाठी असतो, हा भाबडा समज आपण प्रथम सोडून द्यावा. गेल्या मंगळवारी सायंकाळी मी तो बाळगून पदपथावरून चाललो असता मागून हॉर्न वाजला. वळून पाहतो, तो एक दुचाकीस्वार. मी त्याच्या दिवाणखान्यात चपला घालून शिरलो असावे, असा त्याचा चेहरा होता. "काका, खालून चाला ना, दिसत नाही का गाडी येतेय?" असे त्याने मला सुनावले. मी घाईने बाजूला झालो, सैल पेव्हर ब्लॉक पायाखाली डुगडुगला आणि घोटा अजून सुजलेला आहे.

पदपथ चढण्यापूर्वी गड चढण्याचा सराव करावा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे सांगतात. पण ती गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी असावीत, आणि अशा माणसांनी घराबाहेर पडूच नये, असे आपल्याकडे बहुधा ठरलेले आहे.

फेरीवाल्यांना शिव्या द्याव्यात. पदपथावर उभ्या केलेल्या मोटारीला देऊ नयेत, तिचा मालक ओळखीचा निघतो.

चालण्याची हौस फारच असेल, तर ११ डिसेंबरला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनाला जावे आणि उरलेले ३६४ दिवस पायांना विश्रांती द्यावी.

कायद्याची काळजी करू नये, तो भरपूर आहे. पदपथावर वाहन चालवू नये हा नियम १९८९ मध्येच झाला, म्हणजे बहुधा त्या स्वाराच्या जन्माआधी. पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला. तरीही सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्याआधी मे महिन्यात त्याच न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले होते. २०२३ मध्ये देशात ३५ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यांवर मेले. एवढी माणसे मेल्यावरही मुदत कसली घालून द्यावी लागते?

नियम जरूर करा, पण सैल ब्लॉकसाठी कोणत्या अभियंत्याने आणि कोणत्या ठेकेदाराने उत्तर द्यायचे, हे त्यात नावानिशी लिहा. नाहीतर तो कागद वाया घालवू नका. आणि दुचाकीस्वार महाशय, रस्ता तुंबला म्हणून माणसांच्या अंगावर गाडी घालण्याची परवानगी तुम्हाला कोणी दिली? एवढी घाई असेल तर खाली उतरा आणि गाडी ढकलत न्या.