गळत नाही म्हणून होज चांगली? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जेसीबीची हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाचं तेल नेणारी रबरी नळी, गळत नाही तोवर बदलणं म्हणजे दुकानदाराचा गल्ला भरणं, गळती हात फिरवल्याशिवाय सापडत नाही, आणि जेसीबीचं सील किट (सिलिंडरमधलं तेल अडवणाऱ्या रिंगांचा संच) लवकर जातं ते डुप्लिकेट मालामुळे.

नुसतं वय बघून होज फेकू नये, हे मलाही पटतं. पण ‘गळत नाही’ ही काही परीक्षा नव्हे. अर्धा इंची, तारेच्या दोन जाळ्यांची, टू-एसएन प्रकारची होज २७५ बार दाबावर चालवायची असते आणि ती फुटायची ती किमान त्याच्या चौपट दाबाला. ही सगळी ताकद आतल्या तारेची. वरचं रबर फक्त तारेला पाणी-चिखल लागू नये म्हणून. ते घासून गेलं की तार गंजते, एकेक धागा तुटत जातो आणि बाहेर तेलाचा थेंबही येत नाही. मग एके दिवशी भरल्या बकेटला होज फाटते आणि तेल मातीत. होज वाचवली म्हणायची आणि तेलाचा हिशेब करायचाच नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

बघायचं कुठे? क्रिंपिंगच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या जोडाच्या कडेला फुगा आलाय का, फेरूलमधून (त्या जोडावरच्या धातूच्या नळकांड्यातून) होज सरकलीय का. आणि होजवरची छापील रेघ बघा. ती सरळ हवी. गोल फिरलेली दिसली तर नट आवळताना होज पिळली गेलीय. होज ताणून बसवू नका. दाब आला की ती लांबीत चार टक्क्यांपर्यंत आखडू शकते, ती ढील ठेवावीच लागते. एकाच जागी वारंवार फाटत असेल तर नवी टाकण्याआधी क्लॅम्प आणि वळण तपासा.

हात फिरवण्याबद्दल मात्र साफ नाही. सुईएवढ्या छिद्रातला फवारा हातमोजा भेदून कातडीखाली जातो. सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. सूज काही तासांनी येते आणि तोवर बोट जायची वेळ आलेली असते. असं झालंच तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठा घ्या, तोही लांबून धरून. पाना लावण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, आणि सगळे लिव्हर हलवून दाब सोडलेला.

आता सील किट. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, नाही कोण म्हणतंय! पण जुनं सील फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. कडक होऊन तडकलं असेल तर तेल तापतंय. कडा कुरतडल्यासारखी असेल तर ते फटीत दाबलं जातंय; सीलला आधार देणारी बॅकअप रिंग बसवायची राहिली का बघा. सीलच्या ओठावर, म्हणजे रॉडला टेकणाऱ्या कडेवर, उभे ओरखडे असतील तर दोष बहुधा रॉडचा (सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या दांड्याचा), मग किट कितीही ओरिजिनल टाका. रॉड पूर्ण बाहेर काढा, पुसा, नख फिरवा. नख कुठे अडकतं का, तेवढं कळवा.