गोल अक्षराला पोरकट ठरवणाऱ्यांसाठी

संगणकावर फ्लेक्स-पत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘बलूसारखे जाड, गोल टोकांचे फॉन्ट पोरकट, वाढदिवसाच्या फ्लेक्सपुरतेच. देवनागरी बोरूची लिपी, तिला गोल टोक शोभत नाही. लांबून वाचताही येत नाही. आणि फुकटचा फॉन्ट दुकानाच्या पाटीला लावू नका.’

पोरकट? व्हॅग राउंडेड हा गोल टोकांचा टाइप फोक्सवॅगनने १९७९ च्या सुमारास वापरात आणला तो गाड्या विकायला, खेळणी नव्हे. पुढे अ‍ॅपलच्या कीबोर्डवरही तोच आला.

बोरूचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिरप्या कापाच्या बोरूमुळेच देवनागरीला जाड-बारीक वळण आलं. पण फळ्यावरच्या खडूच्या अक्षराला कुठे असतो तो काप? तेच बघून आपण गिरवायला शिकलो.

वाचता येत नाही, ही तक्रार मात्र नीट बघायला हवी. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या फ्लेक्सवर ‘द्ध’चा गोळा होतो, कबूल. पण जाडी वाढली की अक्षरातली पोकळी बुजते, मग टोक गोल असो की चौकोनी. बलूच्या नव्या आवृत्तीत, बलू २ मध्ये, रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत. सेमीबोल्ड घेऊन बघा. त्यात आपली खोड अशी, की गिऱ्हाईकाने एक नाव वाढवलं की कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ आडवी दाबायची. उभ्या रेघा बारीक होतात, गोल टोकं चेपतात, आणि नाव फॉन्टचं खराब होतं.

पाटीचा मुद्दा तर नांदेडात येऊन मांडावा. इथे सचखंड गुरुद्वाऱ्याला येणाऱ्यांसाठी गुरुमुखी लागते, शहरात उर्दू वाचणारे भरपूर, धर्माबाद-देगलूरकडे तेलुगू. चार लिप्यांना चार ठिकाणचे फॉन्ट लावले की एक लिपी ठसठशीत दिसते, दुसरी अंग चोरते. बलूच्या घराण्यात गुरुमुखीला पाजी, उर्दूला भाईजान, तेलुगूला तम्मुडू आहे. जाडी आणि वळण एकमेकांना धरून. इंग्रजी अक्षरंही त्याच घडणीची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. पण उंची सारखी ठेवून मराठी किडकिडीत आणि इंग्रजी धष्टपुष्ट घेतली, तर मोजपट्टी खूश होईल, डोळा नाही.

फुकटचं म्हणाल तर बलू मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने घडवलाय आणि ओपन फॉन्ट परवान्याखाली दिलाय. धंद्यासाठी वापरायला मुभा आहे. चोरून टाकलेल्या महागड्या फॉन्टपेक्षा हे कधीही बरं.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एक्स्ट्राबोल्ड बलू मात्र मीही लावणार नाही; दुःखात ते अक्षर फार हसरं दिसतं. निविदेच्या पानभर मजकुरालाही नको, तो मुळात मोठ्या ओळींसाठीचा टाइप. तिथे मुक्ता हा फॉन्ट घ्या. तोही ‘एक टाइप’चाच, तितकाच फुकट.