डिस्क झोपते, कॉम्प्युटर खोळंबतो

या एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या झोपेचं काय करायचं कुणी सांगेल का? जरा दहा मिनिटं हात लावला नाही की मोटर बंद, आणि मग मला साधी एक फाईल सेव्ह करायचीय, तीपण सी ड्राइव्हवर, तरी सेव्हची विंडो उघडतानाच सगळं हँग, कारण विंडोज सगळे ड्राइव्ह चाळत बसतं आणि ही बया घुंऽऽ करत उठेपर्यंत आपण नुसता माऊस फिरवायचा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘नेव्हर’ केलं, उपयोग शून्य, डिस्कच्या डब्यातल्या यूएसबी चिपचा टायमर वेगळाच! लिनक्सवर एचडीपार्मने (डिस्कची सेटिंग्ज बदलायचं टूल) स्टँडबाय 0, म्हणजे ‘कधीच झोपू नकोस’, असं दिलं तर तीही कमांड ही चिप सरळ गिळते. (तिथे 120 म्हणजे 120 सेकंद नाही हं, पाच-पाच सेकंदांचे 120, म्हणजे 10 मिनिटं. कुणाचं डोकं हे!) आणि वर ते राइट कॅशिंग. कॉपीची पट्टी 100 टक्के दाखवते पण डेटा अजून रॅममध्येच, केबल ओढली की बसा बोंबलत. विंडोज 10 मध्ये 1809 या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ (म्हणजे हे कॅशिंग बंद) डिफॉल्ट आहे ते एक बरं, लिनक्सवर मात्र सिंक (रॅममधला डेटा डिस्कवर उतरवायची कमांड) टाइप करून कर्सरकडे बघत बसायचं. इजेक्ट दाबलं तर ‘डिव्हाइस वापरात आहे’. अरे पण कोण वापरतंय, ते सांग की!