कापसाची गाडी फुगीर, संत्र्याची जड: त्या बॅटरीवाल्या पिकअपच्या व्हिडिओला उत्तर

दिवाळीपासून आमच्या भागातल्या झाडून साऱ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. अमेरिकेतला रस्ता, बॅटरीवर चालणारी भलीमोठी पिकअप, मागे खोलीएवढी कॅम्परची, म्हणजे चाकांवरच्या घराची, ट्रॉली. गाडी चार्जिंगला लावलेली आणि मालक कपाळाला हात लावून बसलेला. खाली मराठीत मजकूर: "कंपनी सांगते ५०० किलोमीटर, ट्रॉली लावली की १५० वर बसते. अमेरिकेत ही हालत, तर विदर्भात काय? आपल्याकडे चार्जिंगच नाही. ४७ डिग्रीत बॅटरी फुटते. वीज शेवटी कोळशाचीच. आणि बंद पडली तर टोचनही करता येत नाही. शेतकऱ्यांनो, फसू नका. दहा जणांना पाठवा."

मला तो अकरा जणांनी पाठवला. काटोल तालुक्यातल्या आमच्या गावात बॅटरीचा छोटा हत्ती एकट्या माझ्याच दारात उभा असतो, म्हणून. २१ युनिटची बॅटरी, ६०० किलो माल. संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आणि येताना जे मिळेल ते आणायचं, एवढंच त्याचं काम. तेव्हा राजेहो, एकेक मुद्दा घेतो. जे खरं आहे ते खरंच म्हणणार आहे.

पहिला मुद्दा ५०० आणि १५० चा. आकडा खरा आहे. मोटरट्रेंड या अमेरिकन मासिकानं २०२२ साली फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या बॅटरीवाल्या पिकअपला तीन वेगवेगळ्या कॅम्पर जोडून पाहिल्या. त्या गाडीची कागदावरची रेंज ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. साधारण १,४०० किलोची कॅम्पर जोडली तेव्हा ती १८५ किलोमीटर गेली. २,४०० किलोच्या कॅम्परला १६०, आणि ३,३०० किलोच्या कॅम्परला १४५. झाली की नाही निम्म्याहून कमी?

आता तेच आकडे पुन्हा पाहा. पहिल्या कॅम्परपेक्षा तिसरी सव्वादोन पटीहून जड होती. रेंज मात्र १८५ वरून १४५ वर आली. ओझंच खात असतं तर ती ८० वर यायला पाहिजे होती. खरं नुकसान पहिलीच कॅम्पर जोडल्याबरोबर होऊन गेलं, आणि ते वजनानं केलेलं नाही. ते वाऱ्यानं केलं. कॅम्पर म्हणजे चालत्या गाडीमागे उभी धरलेली भिंत.

हे आपल्याकडच्या कोणत्याही पिकअपवाल्याला शिकवावं लागत नाही. कापूस भरलेली गाडी आठवा. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, वर ताडपत्री, दोर करकचून बांधलेले, मागून येणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. वजन करायला गेलं तर काट्यावर फारसं भरत नाही. संत्र्याच्या कॅरेटांची गाडी दिसायला एवढीशी, पण स्प्रिंगचे पाटे दाबून टाकते. आणि तरी समोरून वारा असला की कापसाची गाडी डिझेल जास्त पिते. माझ्या चुलत्यांनी तीस वर्षं जिनिंगवर कापूस नेला. ते सांगायचे, कापूस न्यायचा तर पहाटे वारा पडलेला असताना निघावं. भौतिकशास्त्र त्यांनी शाळेत शिकलेलं नव्हतं.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. साठच्या वेगाला जो रेटा लागतो, त्याच्या पावणेतीन पट शंभरला लागतो आणि चौपट एकशेवीसला. अमेरिकेतली ती पिकअप महामार्गावर शंभरच्या पुढे-मागे पळत असते. माझा हत्ती साठच्या वर जातच नाही, आणि काटोल रोडवर बैलबंडी, ट्रॅक्टर आणि शाळेची पोरं असताना जायलाही नको. त्यामुळे आमच्या हिशेबात वाऱ्याचा वाटा कमी आणि वजनाचा जास्त. भरलेल्या गाडीला माझ्याकडे किलोमीटरला ०.१८ युनिट लागतं, रिकामीला ०.१४ च्या आसपास. म्हणजे कंपनीनं सांगितलेले १५४ किलोमीटर मला कधीच मिळाले नाहीत. भरल्या गाडीला ११०-११५ धरून चालायचं. पण निम्मी रेंज जाण्याचा प्रकार आमच्या रस्त्यावर होत नाही. व्हिडिओतली ट्रॉली जोडून आमच्या गाड्यांचं भविष्य सांगणं म्हणजे एक्सप्रेसचं वेळापत्रक पाहून विदर्भातल्या त्या जुन्या, रमतगमत चालणाऱ्या शकुंतला रेल्वेची वाट पाहणं.

व्हिडिओवाल्यानं एक गोष्ट खुबीनं गाळली. पेट्रोलच्या पिकअपला तीच कॅम्पर जोडली की तिचंही ॲव्हरेज निम्म्याजवळ येतं. फरक टाकीत आहे. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ती अवाढव्य बॅटरी साडेचौदा लिटर पेट्रोलएवढीच. त्यावर तीन टन ओढत १४५ किलोमीटर जाणं ही मोटारीची हुशारी आहे. पण साडेचौदा लिटरची टाकी ती साडेचौदा लिटरचीच, हेही तेवढंच खरं. पेट्रोलवाला मोठी टाकी पाच मिनिटांत भरून निघतो. कुणाला खरंच तीन टनांचा डबा घेऊन रोज तीनशे-चारशे किलोमीटर जायचं असेल, तर आजच्या तारखेला मी त्याला डिझेलच घे म्हणेन. मात्र तसा माणूस मला काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीत अजून भेटलेला नाही.

जाता जाता एक. हा व्हिडिओ पाहून गावातल्या एकानं विचारलं, तुझ्या हत्तीला हूक वेल्ड करून छोटी ट्रॉली लावली तर? नका लावू. लाइटनिंग साडेचार टनांपर्यंत आणि रिव्हियन किंवा सायबरट्रक या दुसऱ्या अमेरिकन बॅटरी पिकअप जवळपास पाच टन ओढू शकतात, कारण त्या त्यासाठीच बांधल्या आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ओढायचं वजन दिलेलं नसेल, तर अपघातानंतर विमावाला आधी तो हूकच पाहील.

दुसरा मुद्दा, विदर्भात चार्जिंगच नाही. हे खोटं आहे. चार्जिंगची ठिकाणं नागपूर शहरात आहेत, समृद्धीवर आहेत, अमरावतीकडे आणि हिंगणघाटकडे जाणाऱ्या महामार्गांवर आहेत. महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक असावं, अशी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक सूचना होती. आतल्या रस्त्यांवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, आणि शेती आतल्या रस्त्यांवरच असते. पण माझं दुखणं वेगळंच आहे. नकाशावर ठिपका असतो, ठिपक्यावर मशीन असतं, मशीनमध्ये करंट नसतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आंबिया बहाराच्या संत्र्याचे २७ कॅरेट घेऊन पहाटे कळमन्याला पोचलो. बॅटरीच्या काट्यावर ४८ टक्के उरले होते. रिकामं परत यायचं असतं तर कसंबसं जमलं असतं, पण येताना खताची पोती होती. म्हणून लिलाव झाल्यावर अर्धा तास चार्जिंग करू म्हटलं. ॲपवर "उपलब्ध" दिसलं, सात किलोमीटर वाकडा गेलो. मशीनची स्क्रीन काळी. वॉचमन शेकोटीवरून न उठता म्हणाला, "सोमवारपासून बंदच हाये भाऊ. चालू केलं का खटका पडते." ॲपच्या वॉलेटमध्ये मी भरलेले पाचशे रुपये मात्र चालू होते. दुसऱ्या ठिकाणी मशीन धडधाकट, पण एक टॅक्सी लावलेली. ९४ टक्के झालेले, ड्रायव्हर गायब. ऐंशीच्या पुढे बॅटरी मुंगीच्या पावलानं भरते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण सावली चांगली होती.

त्या जागेचा आकारही पाहून ठेवा. मागे भिंत, दोन्ही बाजूंना लोखंडी खांब, केबल जेमतेम तीन-चार मीटर. कार उलटी घेऊन लावायची, एवढाच विचार करून ती जागा आखलेली. मागे ट्रॉली असती तर ती सोडून रस्त्यावर ठेवावी लागली असती. अमेरिकेतही ट्रॉलीवाले याच गोष्टीला वैतागलेले आहेत. बहुतेक ठिकाणी आधी ट्रॉली सोडायची, गाडी चार्ज करायची आणि मग पुन्हा जोडायची. पेट्रोल पंपासारखं एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघता येईल, अशा जागा तिकडेही थोड्याच. व्हिडिओतला माणूस कपाळाला हात लावून बसला होता, तो बहुधा याच कारणानं. मजकूर लिहिणाऱ्याला ही खरी तक्रार दिसलीच नाही.

मालवाहू गाडीचं खरं चार्जिंग रात्री घरी होतं. १५ अँपिअरचं सॉकेट, संध्याकाळी लावली की पहाटेपर्यंत भरते. यात अडचणी आहेत, पण त्या व्हिडिओत सांगितलेल्या नाहीत. पहिली अडचण अर्थिंगची. नवी गाडी आणली त्या रात्री चार्जरचा लाल दिवा काही केल्या जाईना. वायरमन आला, आमच्या अर्थिंगचा खड्डा पाहिला आणि हसला. मीठ-कोळसा घालून आजोबांच्या काळात केलेला, वर तुळशीवृंदावनाची फरशी. फरशी काढली, दोन बादल्या पाणी ओतलं, आणि पाच मिनिटांत दिवा हिरवा. पुढे नवीन अर्थिंग करून घेतलं, पण एप्रिल-मेमध्ये अजूनही बादली ओततोच. दुसरी अडचण बिलाची. महिन्याला चारशे युनिट गाडीनं खाल्ले की घरगुती मीटरचा स्लॅब वर उडी मारतो. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन आणि वेगळा दर मिळतो, अर्ज करून घ्यावा. सार्वजनिक मशीनवर युनिटला १५ ते २५ रुपये जातात. आणि शेतातल्या पंपाच्या लाइनवर गाडी लावायचा मोह होतो, तो आवरा. कृषी कनेक्शनची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं.

४७ डिग्रीत बॅटरी फुटते, हा मुद्दा लवकर आटोपतो. नागपूरनं २३ मे २०१३ रोजी ४७.९ पाहिलेलं आहे, तेव्हा ऊन आम्हाला नवीन नाही. बॅटरीतली रसायनं स्वतःहून भडकायला दोनशे अंशांच्या आसपास जावं लागतं. माझ्या गाडीत आहे त्या लोह-फॉस्फेट प्रकाराला त्याहून जास्त. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्या ते खरं आहे. त्यानंतरच दुचाकी-तीनचाकीच्या बॅटऱ्यांचे नियम कडक झाले. उन्हाचा खरा त्रास वेगळा: तापलेली बॅटरी जलद चार्जिंग हळू घेते आणि वर्षानुवर्षं उन्हात ठेवली तर लवकर म्हातारी होते. मेमध्ये मी दुपारी चार्जिंगला लावत नाही. दुपारी आम्हीही काही करत नाही.

वीज कोळशाचीच, हे मला चंद्रपूरच्या जवळपासच्या कुणी सांगितलं असतं तर मी मान खाली घातली असती. २,९२० मेगावॅटचं केंद्र त्यांच्या उशाशी आहे, राख त्यांच्या अंगणात पडते आणि दिवे मुंबई-पुण्यात लागतात. पण हा मेसेज मला पुण्यातल्या मेव्हण्यानं पाठवला. डिझेल इंजिन इंधनातली साठ टक्क्यांवर ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटार दहा-पंधरा टक्के. कोळशाचं नुकसान मोजूनही हिशेब बॅटरीच्या बाजूनं थोडा झुकतो, आणि गावातल्या छपरांवर सोलर चढतं आहे तसा आणखी झुकेल. डिझेलच्या गाडीला तसं झुकायला जागा नाही.

उरलं टोचन. यात अर्धं तथ्य आहे. बॅटरीच्या गाडीत चाक आणि मोटार कायमची जोडलेली असतात. दोर बांधून ओढली की चाकं फिरतात, चाकांनी मोटार फिरते आणि मोटार वीज तयार करायला लागते. न मागितलेली ती वीज आतली इलेक्ट्रॉनिक्स जाळू शकते. म्हणून मोटारीची चाकं उचलून न्यायची किंवा गाडी सरळ दुसऱ्या गाडीवर चढवायची. दोरानं टोचन करायचं नाही.

हे मी कळमन्याच्या त्याच दिवशी शिकलो. दोन्ही मशीनचा नाद सोडून खताची पोती भरून निघालो आणि घर १८ किलोमीटरवर असताना काट्यावर ६ टक्के उरले. चूक माझीच, टॅक्सीवाल्याची वाट पाहायला हवी होती. एका ढाब्यावर गाडी लावून चुलतभावाला फोन केला. तो अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन हजर, खांद्यावर जाडजूड दोर. "दादा, दोर आनला. बांधू काय?" मी नको म्हटलं, तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढ्या लांब ट्रॅक्टर आणला आणि टोचन नाही! शेवटी ढाबेवाल्यानं कोल्ड्रिंकच्या फ्रीजचा प्लग काढून ते सॉकेट आम्हाला दिलं. दीड तासात चार युनिट भरले. तोवर भावानं दोन प्लेट भजी खाल्ली. ढाबेवाल्यानं विजेचे शंभर रुपये घेतले, म्हणजे युनिटला २५, मशीनवाल्यांच्या वरच्या दराएवढेच. फ्रीजमधल्या बाटल्या गरम झाल्या त्याचे वेगळे मागत होता, ते मात्र दिले नाहीत.